ओबिच्युअरीचा २०२३ चा अल्बम 'डायिंग ऑफ एव्हरीथिंग' : विलंबित लय, रॅट पेडल आणि खर्ज

खर्जषड्ज

१३ जानेवारी २०२३ ला रिलॅप्स रेकॉर्ड्सने ओबिच्युअरी या फ्लोरिडाच्या डेथ मेटल (मेटलचा एक जहाल प्रकार) बँडचा 'डायिंग ऑफ एव्हरीथिंग' बाजारात आणला. बँडचा हा अकरावा स्टुडिओ अल्बम. आधीचा, बँडच्याच नावाचा, २०१७ चा. गाणी १०, सगळं मिळून पाऊण तासाच्या आत. जॉन टार्डी (गायन), डोनल्ड टार्डी (ड्रम), ट्रेव्हर पेरेस (र्‍हिदम गिटार) हे तिघे १९८४ पासूनचे, 'एक्झिक्यूशनर' नाव होतं तेव्हापासूनचे. बेसवर टेरी बटलर २०१० पासून, लीडला (एकल सुरावटी) केन अँड्र्यूज २०१२ पासून. रेकॉर्डिंग टॅम्पाजवळच्या त्यांच्या स्वतःच्या स्टुडिओत, मिक्सिंग जो सिंकोटाचं. मुखपृष्ठाचं चित्र मारिउश लेवांडोव्स्की या पोलिश चित्रकाराचं, जो २०२२ मध्ये वारला.

अल्बम चांगला की वाईट हे 'पाच पैकी साडेतीन' छाप परीक्षणांत वाचून झालं असेल. इथे मुद्दा वेगळा आहे. चाळीस वर्षं होऊन गेली, हे लोक तीन-चार स्वरांच्या रिफवर (गिटारवर पुन्हापुन्हा येणारा तुकडा) उभे आहेत, वेगाच्या शर्यतीत कधी उतरले नाहीत, तरी आवाज अंगावर येतो. तो वजनदारपणा येतो कुठून? माझं मत: गेनमधून (सिग्नल फुगवून आवाज फाडण्यातून) अजिबात नाही. दोन ठोक्यांमधल्या मोकळ्या जागेतून येतो, आणि त्यांची सगळी सामग्री ती जागा राखण्यासाठीच निवडलेली आहे.

पहिल्यांदा ऐकणार्‍यांनी 'द राँग टाइम' आणि शेवटचं 'बी वॉर्न्ड' पाठोपाठ ऐका. मग 'बेअरली अलाइव्ह'. ते सुरुवातीलाच ठेवलंय आणि बर्‍यापैकी पळतं, त्यामुळे अल्बमबद्दल चुकीचा अंदाज बांधला जातो.

गिटारवाले, ड्रमवाले, सोल्डरवाले, सगळ्यांनी खाली प्रतिसादांत या.

कानठळी

आलोच. पण आधी कुरकुर. रिफ ओळखीचे वाटतात. 'द एंड कम्प्लीट' (१९९२) मधला एखादा तुकडा इकडे आणून लावला तर सांधा दिसणार नाही. गिटारवादक जेम्स मरफीने 'कॉज ऑफ डेथ' (१९९०) मध्ये जे सुरेल लीड वाजवले, त्याने त्या रिफना दुसरी बाजू मिळाली होती. इथे केन अँड्र्यूजचे लीड नीटनेटके आहेत, पण येतात आणि जातात.

खर्जषड्ज

लीडबद्दल सहमत. रिफबद्दल नाही. सेल्टिक फ्रॉस्ट या स्विस बँडच्या घराण्यातले आहेत हे, 'कॉज ऑफ डेथ'वर त्यांचंच 'सर्कल ऑफ द टायरंट्स' वाजवलेलं आहे. घराण्याची बंदिश पुन्हा गायली म्हणून कोणी कुरकुरत नाही, लय कशी सांभाळली ते बघतात.

कानठळी

घराणं काढलंस म्हणजे वाद संपला, नाही का :) बरं, चालू द्या.

सोल्डरगन

पेरेसची प्रसिद्ध चेन अगदी छोटी आहे: स्ट्रॅटोकास्टर गिटार, त्यापुढे प्रोको रॅट हे डिस्टॉर्शन पेडल, त्यापुढे मार्शल जेसीएम ८०० हा व्हॉल्व्हवाला अँप. ज्यांनी डेथ मेटल म्हणजे ड्युअल रेक्टिफायर (जास्त गेनचा अँप) आणि अ‍ॅक्टिव्ह पिकअप एवढंच समीकरण पाठ केलंय, त्यांना हे पटत नाही.

रॅटच्या पोटात काय आहे ते समजलं की हा आवाज असा का ते कळतं. मूळ सर्किटमध्ये एकच ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप), एलएम ३०८. त्याच्या फीडबॅकमध्ये १०० किलोओहमचा डिस्टॉर्शन पॉट. जमिनीकडे (ग्राउंडला) जाणार्‍या दोन शाखा: ४७ ओहम + २.२ मायक्रोफॅरड, आणि ५६० ओहम + ४.७ मायक्रोफॅरड. पहिलीचा कोपरा (जिथून तिचा परिणाम सुरू होतो ती कंपनसंख्या) येतो साधारण १५०० हर्ट्झला, दुसरीचा ६० हर्ट्झला. म्हणजे १५०० च्या वरच्या भागाला सगळ्यात जास्त गेन, खर्जाला बराच कमी. खालचा भाग कमी पेटतो म्हणून जाड तार गढूळ होत नाही. त्यापुढे दोन साधे सिलिकॉन डायोड (१एन९१४ किंवा १एन४१४८) जमिनीकडे, तिथे लाट कापली जाते.

आता गंमत. एलएम ३०८ हा मंद ऑप-अँप आहे, स्ल्यू रेट (व्होल्टेज बदलण्याचा वेग) ०.३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंदच्या आसपास. गेन वाढवला की त्याला वरच्या कंपनसंख्या झेपत नाहीत, त्या आपोआप गोल होतात. म्हणून रॅट पूर्ण पिळला तरी डोक्यात खिळा जात नाही, भुसा पडल्यासारखा खरखरीत आवाज येतो. पुढे रॅट २ मध्ये ओपी०७ आला. तोही मंदच आहे, त्यामुळे ३०८ वाली प्रत मिळावी म्हणून दुप्पट पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही.

तारतम्य

फिल्टर नॉबबद्दलही लिहा. अर्धे लोक तिथेच फसतात.

सोल्डरगन

हो. रॅटचा फिल्टर उलटा चालतो. उजवीकडे फिरवला की ट्रेबल *कमी* होतो. १.५ किलोओहम, त्याला जोडून १०० किलोओहमचा पॉट, आणि ३.३ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. पूर्ण डावीकडे असताना कोपरा ३२ किलोहर्ट्झला, म्हणजे फिल्टर नसल्यासारखाच. पूर्ण उजवीकडे ४७५ हर्ट्झला, म्हणजे अंगावर गोधडी टाकल्यासारखा. 'टोन' समजून उजवीकडे पिळणारा माणूस मग अँपचा ट्रेबल १० वर नेतो, आणि रॅट बंद केला की समोरच्याचे कान जातात.

सुरुवातीसाठी, काटे घड्याळाचे समजून:
डिस्टॉर्शन १२ वर, फिल्टर १० ते ११ वर, व्हॉल्यूम २ वर.
मार्शलवर (इथे ० ते १० चे आकडे) प्रीअँप ४, बेस ५, मिडल ६, ट्रेबल ६, प्रेझेन्स ४. मास्टर खोलीप्रमाणे.

इथे रॅटचा व्हॉल्यूम महत्त्वाचा. तो चढा ठेवला की मार्शलचा पहिला व्हॉल्व्ह ढकलला जातो, आणि अर्धी घुसळण तिकडे होते. रॅट मंद आणि मार्शल तापलेला, हे आवाजाचं खरं मिश्रण.

दुहेरी_पेडल

रिफवाल्यांचं झालं असेल तर ड्रमकडे या. वजन तिथे आहे.

हिशेब बघा. ७० च्या लयीत एक मात्रा ८५७ मिलिसेकंदांची, तिचा चौथा भाग २१४. २०० च्या लयीत चौथा भाग फक्त ७५. वेगवान डेथ मेटलमध्ये बास ड्रमचा ठोका ७५ मिलिसेकंदांत जन्मून मरायला हवा, नाहीतर पुढचा त्याच्यावर चढतो. म्हणून तिकडे टाइपरायटरसारखी टकटक ठेवतात: ३ ते ५ किलोहर्ट्झ उचललेले, ढोलात उशा कोंबलेल्या, वर ट्रिगर (ठोक्यागणिक साठवलेला नमुना वाजवणारं यंत्र). ओबिच्युअरीला ती सक्ती नाही. ठोक्याला २०० मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात ६० ते ८० हर्ट्झचा गोळा फुगून विरतो. तो विरण्याचा आवाज म्हणजे तुम्ही ज्याला वजन म्हणता ते.

त्यामुळे हे वाजवताना ढोलात एकच उशी, तीही मागच्या चामड्याला जेमतेम टेकलेली. समोरच्या चामड्यातलं छिद्र मोठं असेल तर शेपटी आखडते. बीटर फेल्टचा. ट्रिगर लावायचाच असेल तर नमुना लांब शेपटीचा घ्या, आणि मूळ माइकशी त्याची फेज (लाटांचा चढउतार) जुळवा. दोन्ही लाटा ५-७ मिलिसेकंदांनी मागेपुढे असल्या तर खालचा भाग एकमेकांना खाऊन टाकतो आणि माणूस विनाकारण इक्यूवर बेस वाढवत बसतो.

डोनल्डचं वैशिष्ट्य म्हणजे संथ रिफखाली डबल बास चालू असतो, पण हात निवांत. स्नेअर किंचित मागे पडतो, रिफ त्याच्यावर रेलतो. क्लिकवर (मेट्रोनोमवर) संगणकातल्या ग्रिडला चिकटवलं की ही रेलण्याची जागा गेली. एडिटिंग करणार्‍यांनी बास ड्रम सरळ करावा, स्नेअरला हात लावू नये.

(आणि हो, हेच डोनल्ड टार्डी फ्लोरिडात भटक्या मांजरांसाठी 'मेटल म्याऊलिशिया' नावाची संस्था चालवतात. वजन कुठून येतं याच्याशी संबंध नाही, पण माहीत असावं.)

कानठळी

मांजरासाठी +१. बाकी हिशेबालाही +१. हे कुणी असं मांडलं नव्हतं.

रविवारचा_रियाज

प्रश्न: गिटार कुठल्या स्वरात लावायची? आणि १०-४६ चा (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) सेट चालेल का? स्ट्रॅट आहे, ट्रेमोलोवाली.

तारतम्य

ओबिच्युअरीची सवय डी स्टँडर्डची. म्हणजे सहाही तारा दोन-दोन फ्रेट खाली: जाडीकडून डी, जी, सी, एफ, ए, डी. आजच्या मानाने हे काहीच खाली नाही. सात तारांची गिटार लागत नाही, बॅरिटोन लागत नाही.

१०-४६ चालेल असं म्हणणारे भेटतील. ताणाचा हिशेब करा. स्ट्रॅटची तार २५.५ इंची. ४६ ची तार ई ला साधारण साडेसतरा पाउंड ताण देते. तीच डी ला उतरवली की १४ च्या खाली, म्हणजे पाचवा हिस्सा ताण गेला. मग जोरात डाउनस्ट्रोक मारला की स्वर आधी वर उडतो आणि मग खाली बसतो. भरधाव रिफमध्ये हे लपतं. 'बी वॉर्न्ड'सारख्या रिफमध्ये प्रत्येक स्वर उघडा पडलेला असतो, तिथे अख्खी गिटार बेसूर वाटते.

५२ ची तार डी ला सतराच्या आसपास ताण देते. म्हणून ११-५२ चा सेट घ्या. ताण ई वरच्या १०-४६ इतकाच राहतो, त्यामुळे मागच्या स्प्रिंगा आणि ट्रस रॉडला फार हात लावावा लागत नाही. पण दोन कामं करावीच लागतात:

एक, नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी). ४६ साठी कापलेली खाच १.१७ मिमीच्या तारेची, ५२ ची तार १.३२ मिमी. ती खाचेत अडकते, ट्यून करताना 'टिंग' असा आवाज येतो आणि स्वर उडी मारतो. गोल कानशीने खाच *रुंद* करा, खोल नको. खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर वाजायला लागते आणि नट बदलावा लागतो.

दोन, इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर स्वर खरा लागणं). जाड तारेचं सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) बहुतेक वेळा मागे न्यावं लागतं. बारावा फ्रेट मोकळ्या तारेच्या तुलनेत तीव्र लागला तर सॅडल मागे, कोमल लागला तर पुढे. सॅडल हलवताना तार आधी सैल करा, नाहीतर स्क्रूचे आटे जातात. ट्यूनरवर तपासताना रोज जेवढ्या जोराने वाजवता तेवढ्याच जोराने दाबा, हळुवार दाबून लावलेलं इंटोनेशन जॅमरूममध्ये टिकत नाही.

ट्रेमोलो वापरणार नसाल तर मागे पाच स्प्रिंगा लावून ब्रिज लाकडाला टेकवून टाका. एक तार तुटली तरी बाकीच्या पाच जागेवर राहतात.

रविवारचा_रियाज

धन्यवाद. आणि हातात रॅट नाही, बॉस एचएम-२ या डिस्टॉर्शन पेडलची नक्कल आहे. चालेल?

सोल्डरगन

चालेल, पण तुम्ही फ्लोरिडाला निघून स्टॉकहोमला उतराल.

बॉस एचएम-२ सगळ्या नॉब पूर्ण उजवीकडे, हा स्वीडनचा आवाज. टोमास स्कॉग्सबेर्गचा सनलाइट स्टुडिओ, एंटूम्बडचा 'लेफ्ट हँड पाथ' (१९९०), डिसमेंबरचा पहिला अल्बम (१९९१). त्याचा 'हाय' नॉब १ किलोहर्ट्झच्या आसपास डोंगर उभा करतो, 'लो' नॉब १०० च्या खाली. करवत लाकडात शिरल्यासारखं ऐकू येतं ते त्या १ किलोहर्ट्झमुळे. रॅटमध्ये असा डोंगर नाही, आवाज सपाट आणि खरखरीत. टॅम्पाचा त्या काळचा आवाज, म्हणजे मॉरिसाउंड स्टुडिओत स्कॉट बर्न्सने केलेली कामं, 'स्लोली वी रॉट' (१९८९) धरून, कोरडा असतो. स्वीडनचा ओला.

नक्कल असेल तर 'हाय' १० वर, 'लो' १२ वर, डिस्टॉर्शन ९ वर आणा. करवत म्यान होते, तात्पुरतं भागतं.

तारतम्य

एचएम-२ ची जुनी, जपानी प्रत असेल तर अ‍ॅडॅप्टरकडेही लक्ष द्या. ती बॉसच्या जुन्या, जास्त व्होल्टेज देणार्‍या एसीए प्रकारच्या अ‍ॅडॅप्टरसाठी बनलेली. आजचा स्थिर ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर एकट्याने लावला तर आत पोचेपर्यंत व्होल्टेज गळतं, दिवा मंद लागतो आणि आवाज भुकेला येतो. पेडल खराब नाही, खाणं कमी पडतंय.

जॅमरूम_सेवक

मुंबई-पुण्याच्या जॅमरूममध्ये जेसीएम ८०० क्वचितच सापडतो, म्हणून व्यवहाराचं सांगतो.

१. अँप ट्रान्झिस्टरवाला असेल तर क्लीन चॅनल. तिथे पुढे ढकलायला व्हॉल्व्ह नाही, त्यामुळे रॅटचा डिस्टॉर्शन (घड्याळाच्या काट्यांत) १२ वरून १ वर, फिल्टर १२ वर. मिडल ७. मिडल शून्यावर नेऊन हसरा इक्यू करू नका. घरी एकट्याने वाजवताना छान वाटतं, ड्रम आणि बेस सुरू झाले की गिटार अदृश्य होते.

२. अँपच्या डर्टी चॅनलमध्ये रॅट नको. दोन्हीकडे गेन असला की प्रत्येक मोकळ्या जागेत शूंऽऽ असा फवारा भरतो. या संगीतात मोकळी जागाच विकायची आहे.

३. मॉडेलर (अँपची डिजिटल नक्कल) वापरत असाल आणि पुढे खरा कॅबिनेट असेल तर आतलं कॅब सिम्युलेशन (स्पीकरच्या पेटीची नक्कल) बंद करा. दोन कॅबिनेटांतून गेलेला आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा होतो. सरळ पीए मध्ये जाणार असाल तर चालू ठेवा.

४. नॉइज गेट (शांततेतली खरखर बंद करणारं पेडल) रॅटच्या *नंतर*. जेसीएम ८०० च्या २२०३ मॉडेलला इफेक्ट लूप नाही, त्यामुळे तसाही दुसरा पर्याय नसतो. थ्रेशोल्ड एवढाच की हात तारांवर ठेवल्यावर शांतता व्हावी. रिलीज फार छोटा ठेवला की लांबवलेला स्वर शेवटी तुटतो, आणि 'बी वॉर्न्ड'चा निम्मा अर्थ त्या लांबवण्यात आहे.

५. सिंगल कॉइल पिकअपची (स्ट्रॅटवर असतात तशा) घूं. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची. डिमर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, खाली ठेवलेला लॅपटॉपचा चार्जर हे नेहमीचे आरोपी. अंग ९० अंशात फिरवून बघा, बरीच कमी होते. कोणी अँपची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला दिला तर त्याला बाहेर काढा, पिनला नाही. अर्थिंग तुटलेल्या अँपच्या तारांवर हात आणि माइकवर ओठ, हा थेट जीवाशी खेळ आहे.

घोगरा

गायकांसाठी दोन शब्द. जॉन टार्डी खोल गुरगुरत नाही, तो ओरडत-विव्हळत वरच्या भागात राहतो. पहिल्या अल्बममध्ये तर बर्‍याच ठिकाणी शब्दच नाहीत, नुसते आवाज. स्वर उघडे ठेवणं हे त्याचं मर्म: 'आ' आणि 'ओ'. 'ई' वर ताण दिला की घसा आवळतो आणि तिसर्‍या गाण्याला आवाज बसतो. कंठ दुखायला लागला म्हणजे तंत्र चुकलंय, थांबा. गरम पाणी नंतर प्या.

माइकची जाळी मुठीत धरू नका. कार्डिऑइड माइकला मागच्या बाजूने हवा लागते तेव्हाच तो समोरचं तेवढं ऐकतो. मूठ आवळली की तो चहूकडचं ऐकू लागतो, मॉनिटर शिट्टी मारतो आणि आवाज डब्यात बोलल्यासारखा होतो. आणि मग शिव्या साउंडवाल्याला.

खर्जषड्ज

जॅमरूमच्या क्र. २ ला माझ्याकडून दंडवत. सुरुवातीच्या लेखात जे म्हणायचं होतं ते हेच.

घरी रेकॉर्ड करणार्‍यांसाठी भर: र्‍हिदम गिटार दोनदा *वाजवा*, एक डावीकडे, एक उजवीकडे. एकच टेक कॉपी करून सरकवला तर रुंदी येत नाही. गेन मंचापेक्षा कमी ठेवा, कारण दोन टेकचा खरखरीतपणा आपोआप दुप्पट होतो. एसएम ५७ माइक स्पीकरच्या शंकूच्या मधल्या टोपीच्या कडेवर, जाळीपासून दोन बोटं. मधोमध लावला तर सुई, कडेला नेला तर चिखल.

गिटारीचं ८० हर्ट्झच्या खालचं कापा. डी ची जाड तार ७३ हर्ट्झची आहे, म्हणजे मूळ स्वरच अर्धा कापला जातो हे खरं. पण तो प्रदेश बेसचा. बेसची डी ३७ हर्ट्झची, तिची दुपटीची कंपनसंख्या बरोबर ७३ वर येते आणि गिटारीचा पाया भरून निघतो. बेसला थोडा ओव्हरड्राइव्ह द्या, नाहीतर छोट्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही.

कानठळी

हे वाचून अल्बम पुन्हा लावला. रिफबद्दलचं मत तेच आहे. पण 'माय विल टू लिव्ह'मध्ये रिफ थांबतो तिथे बेस आणि बास ड्रम काय करतात ते याआधी लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं. अर्धी माघार.

रविवारचा_रियाज

शेवटचं विचारतो. एक जुना रॅट मिळतोय, पण त्याचं पॉवरचं छिद्र हेडफोनच्या जॅकसारखं आहे. घ्यावा?

सोल्डरगन

जुन्या रॅटना ३.५ मिमीचा मिनी जॅकच असायचा, बनावट समजू नका. दोन गोष्टी बघा. अ‍ॅडॅप्टर अमेरिकेचा, १२० व्होल्टचा असेल तर तो आपल्या २३० ला लावायचाच नाही, धूर निघेल. त्याऐवजी इथला स्थिर ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर आणि योग्य कनव्हर्टर, ध्रुव मल्टिमीटरने तपासून. आणि हा जॅक आत जाताना क्षणभर शॉर्ट होतो, म्हणून आधी पेडलमध्ये खोचा, मग भिंतीवरचं बटण दाबा. सगळ्यात सोपं म्हणजे ९ व्होल्टची साधी बॅटरी घाला. रॅट इतका कमी करंट खातो की महिनोन्‌महिने चालते. फक्त वाजवून झालं की इनपुटची केबल काढून ठेवा, ती खोचलेली राहिली तर बॅटरी चालूच राहते.